ओटा नसलेलं दुकान

दुकानाच्या फळीवर तो बोटांच्या पेरांनी टकटक करायचा आणि माझ्याकडे मान वळवून विचारायचा, "मग, आता काय?"

सकाळी फळ्या काढताना विचारायचा, दुपारी चहा पिताना विचारायचा. कुणाच्या मयताहून परत येताना, चपला पायात सरकवता सरकवता, हळू आवाजात त्यानं हेच विचारलेलं मी ऐकलं आहे. उत्तराची वाट बघायची त्याला सवय नव्हती. मी तोंड उघडेपर्यंत तो रस्त्याच्या पलीकडे पोचलेला असायचा.

रोह्याच्या जुन्या बाजारपेठेतून तुम्ही कधी चालत गेला असाल, तर एक गोष्ट तुमच्याही नजरेत आली असेल. आमच्या गल्लीत दुकानांचे ओटे एका रेषेत पुढे आलेले आहेत. एकाच ठिकाणी ती रेष तुटते. तिथल्या दुकानाला ओटाच नाही, भिंतीपुढे नुसती खाच आहे. आता तिथे मोटारसायकली लागतात, सकाळी कोळणी पाट्या घेऊन बसतात. ते त्याचं दुकान. शेजारचं कापडाचं माझं. आता ते मुलगा बघतो.

त्याच्या दुकानात गादी होती, पण तिच्यावर तो बसलेला मला आठवत नाही. बाप पोहे विकायचा. बाप गेला आणि यानं पोत्यांच्या जागी भाड्याच्या सायकली उभ्या केल्या. धाटावला कारखाने आले, तेव्हा शिफ्टवाल्यांसाठी गमबूट आणले. मग रेडिओ दुरुस्ती, मग कॅसेटी, मग टेलिफोनचं बूथ, मग झेरॉक्स. बाजारात काय मरतंय आणि काय येतंय हे बघायला आम्हाला लांब जावं लागत नसे. तांबटाची ठोकठोक बंद पडली, त्याच्या आधीच याच्याकडे स्टीलचे डबे टांगलेले होते.

कोपऱ्यावर एका बेने इस्रायली ज्यू कुटुंबाचं तेलाचं दुकान होतं. ते शनिवारी बंद असायचं. ती माणसं देश सोडून निघाली, तेव्हा त्यांना गाडीवर सोडायला हाच गेला. डोळे पुसत परत आला आणि दुसऱ्या दिवशी यानं तेल विकायला काढलं. मात्र शनिवारी विकायचा नाही.

"तुझं काय रे शनिवारचं?" मी विचारलं.

"माझं काय नाय. गिऱ्हाईक त्यांचं हाय ना. त्यांना शनवारी यायची सवय नाय."

एका वर्षी त्यानं पेणजवळच्या जोह्याहून न रंगवलेले गणपती टेम्पो भरून आणले. रंग आपणच देऊ म्हणाला. पितांबर झालं, सोंड झाली, आणि डोळ्यांची आखणी करायची वेळ आली. डोळे काढायला हात स्थिर लागतो आणि हात स्थिर राहायला माणूस बसावा लागतो. हा बसेना. शेवटी सगळे देव पुन्हा टेम्पोत चढवून तो जोह्याला गेला, कारागिराकडून डोळे काढून घेऊन परत आला. त्याची बायको दारात उभी राहून म्हणाली, "आंधळे नेले, डोळस आणले. आता त्याच खेपेत तुम्हालाबी जरा बसवून आणायचं होतं."

तो वर्षातून एकदाच स्थिर उभा राहायचा. दसऱ्यानंतर ग्रामदैवताची पालखी गावभर फिरते आणि आमच्या गल्लीत ती त्याच्या ओट्यावर टेकायची. काळ्या दगडाचा ओटा, त्याच्या आज्यानं घातलेला, गल्लीत सगळ्यात रुंद. पालखी टेकली की हा हात जोडून उभा राही, बोटसुद्धा हलत नसे. माझ्या दुकानासमोर पालखी ओवाळून घेण्यापुरती थांबायची आणि पुढे त्याच्याकडे जायची. मला ते खुपत असे. माझ्या वडिलांनाही खुपत असे. त्यांनी ते कधी बोलून दाखवलं नाही, मीही नाही.

मग रस्ता रुंद करायच्या नोटिसा आल्या. देवळात सगळे दुकानदार जमले. मशीन आलं तर ओट्याबरोबर भिंतीही हलतील, त्यापेक्षा बुधवारी बाजार बंद असतो, त्या दिवशी ज्यानं त्यानं आपला ओटा आपणच काढायचा, असं ठरलं. त्याआधी कचेरीत एकदा शेवटचं विचारून यावं म्हणून मला अलिबागला पाठवलं. तिथल्या कारकुनानं सांगितलं, काम थांबवलंय, काही तोडू नका. मी एस्टीत बसलो आणि गाडीत भेटेल त्याला ते सांगत आलो.

गल्लीत शिरलो ती मंगळवारची दुपार. हा पहार घेऊन ओट्यावर उभा. त्याला बुधवारपर्यंत दम नव्हता. कडेचे एक-दोन दगड निघाले होते. मधला, पालखी टेकायचा, जागेवर होता.

"काय म्हणाले अलिबागला?" त्यानं विचारलं.

"नक्की काय नाय."

"मग काढू?"

"तू बघ," मी म्हणालो.

एवढंच बोललो. घरात गेलो, हातपाय धुतले, जेवायला बसलो. पहारीचे घाव ऐकू येत होते. एका घावाला वेगळा, खोल आवाज आला. मधला दगड हलला होता. मी भात कालवत राहिलो.

संध्याकाळी, आत्ताच निरोप आला असं सांगून मी गल्लीभर ती बातमी दिली. त्याच्याकडे शेवटी गेलो. त्यानं आपल्या दगडांकडे पाहिलं, मग आमच्या ओट्यांच्या रांगेकडे पाहिलं.

"मग, आता काय?" तो म्हणाला. त्या वेळी मात्र तो उत्तरासाठी थांबला होता.

पुढे गल्लीत त्याची गोष्ट झाली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. सगळ्यांच्या आधी स्वतःचा ओटा तोडणारा शहाणा. लग्नाच्या पंगतीत लोक ही गोष्ट मलाच सांगायला लावत. मी ती चांगली सांगायचो. त्याच्यासमोरही सांगितली आहे. तो हसायचा.

त्या वर्षी पालखी गल्लीत आली तेव्हा भोई त्याच्या दारात घुटमळले. तोच पुढे झाला. "शेटकडं टेकवा. तिथं जागा हाय." तेव्हापासून पालखी माझ्या ओट्यावर टेकते. तो आपल्या खाचेत उभा राहून भोयांना सरबत द्यायचा.

गेल्या वर्षी तो गेला. दिवस झाल्यावर मी त्याच्या घरी गेलो आणि त्याच्या बायकोला सगळं सांगायला बसलो. अर्ध्यावरच तिनं मला थांबवलं.

"ठाऊक होतं त्यांना. तुमच्याच गाडीनं आमचा चुलत दीर आला होता. दुसऱ्या दिवशी सांगितलंन त्यानं."

"मग बोलला का नाही कधी?"

"मी म्हटलं होतं, जा, विचारा. तर म्हणाले, अलिबागहून आलेला, दमला असेल. दमलेल्या माणसाला काय विचारायचं." उठता उठता ती म्हणाली, "मी विचारलं असतं."

मग तिनं चहा टाकला. मी तो प्यायलो.

हल्ली मंडळाची पोरं जुन्या दुकानांचा इतिहास सांगणारी फिल्म करताहेत. फोन घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, आजोबा, ती ओटा तोडणाऱ्याची गोष्ट सांगा. मी खरी सांगितली. पोरं एकमेकांकडे बघू लागली. त्यातला एक म्हणाला, "ती नको, नेहमीची गमतीची सांगा ना." म्हणून हे लिहून ठेवतो आहे. तो बुधवारपर्यंत थांबला नाही हे खरं. पण त्यानं मला विचारलं होतं, आणि मला उत्तर माहीत होतं. ती खाच त्याच्या उतावळेपणानं पडलेली नाही.

यंदा पालखी यायच्या दिवशी मी सकाळपासून खाचेतल्या मोटारसायकली काढायला लावल्या. मुलगा चिडला. कोळणींनी मात्र न सांगता जागा झाडून दिली. ऊन चढल्यावर ढोल जवळ आले. भोई सवयीनं माझ्या ओट्याकडे वळले, तसा मी आडवा आलो आणि त्यांना खाचेत बोलावलं. सगळी नवी पोरं. आत आली, इकडेतिकडे बघू लागली. टेकवायला काहीच नव्हतं. ओट्याच्या जागी काहीतरी लागेल, एवढं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"आजोबा," पुढचा भोई खांदा सावरत म्हणाला, "मग, आता काय?"

"राहू दे खांद्यावरच," मी म्हणालो. "इथला माणूस उभाच असायचा."

ढोल थांबले. त्याच्या बायकोनं पुढे होऊन ओवाळलं. पालखी तशीच उभी राहिली.