केरबाने नावेवर मेणा बसवला

केरबा आणि मी वर्षानुवर्षं एका दांड्याला खांदा दिला. तो पुढे, मी मागे. आमचे पूर्वज शिंद्यांच्या लष्कराबरोबर दक्षिणेतून माळव्यात आले ते पालख्या उचलायला. आम्ही जातीने भोई. लष्कर गेलं, पालख्या राहिल्या. मग पालख्याही कमी होत गेल्या, आणि आमच्या वेळेला उज्जैनीत एका सरदारांच्या घरी एक मेणा तेवढा उरला.

मेणा म्हणजे बंद पालखी. लाकडाची लहानशी खोलीच. दोन्ही अंगांना सरकती दारं, वर पितळी पत्र्याचं छप्पर. म्हाताऱ्या बाईसाहेब पर्वणीला त्यातून रामघाटावर स्नानाला जात. घरात मोटार होती. पण मोटारीत बसलं की देव आठवत नाही, असं त्या म्हणत.

मागच्या भोयाला वाट दिसत नाही. डोळ्यांसमोर मेणा असतो. मागचा पुढच्याच्या तोंडाने पाहतो. केरबा चालता चालता सांगायचा, "डावीकडे दगड. चिखल. गाय बसलीये." मी म्हणायचो, "ऐकलं." उतारावर पुढच्यांनी दांडा खांद्यावरून उचलून हातांवर घ्यायचा आणि मागच्यांनी गुडघ्यात वाकायचं. मग मेणा सपाट राहतो. घाटाच्या पायऱ्या अशा उतरताना मांड्या थरथरतात. वर बसलेल्याला ते कळता कामा नये.

केरबाला एवढाच एक अभिमान होता. त्याच्या खांद्यावर मेणा कधी कलला नाही. बाईसाहेबांच्या मांडीवरच्या तांब्यातलं पाणी कधी सांडलं नाही. अर्थात बाईसाहेबही जाणत्या होत्या. मेण्यात बसणाऱ्याने हलायचं नसतं. त्या हलत नसत.

त्या स्नानाला उतरल्या की आम्ही घाटावर बसून मासे बघायचो. यात्रेकरू कणकेच्या गोळ्या टाकत. मासे माणसाला भीत नसत, पायरीशी तोंड उघडून येत. तिथे मासा धरणं पाप. केरबा म्हणायचा, "मल्हारी, आपल्यात अर्धे लोक पालखी उचलतात, अर्धे जाळं टाकतात. आपण चुकीच्या अर्ध्यात जन्मलो काय?"

ते तेव्हा हसण्यावारी गेलं.

स्वातंत्र्य आलं. ग्वाल्हेरचं राज्य मध्य भारतात गेलं. मग जहागिरी गेल्या. बाईसाहेब त्याआधीच वारल्या होत्या. त्यांचे चिरंजीव भय्यासाहेब इंदूरला राहायला निघाले. जाताना केरबाला म्हणाले, "मेणा तू घेऊन जा. इथे उधई खाईल त्याला." मला काही म्हणाले नाहीत. मी स्टेशनच्या मालधक्क्यावर हमालीला लागलो. पोत्याला पुढचा-मागचा नसतो. एकट्याने उचलायचं.

केरबा धक्क्यावर येईना. त्याची मोठी बहीण, अक्का, माधव नगरात एका डॉक्टरांकडे भांडी घासत असे. तिने भावजयीसाठी, अंबिकेसाठी, शेजारच्या घरी तेच काम बघून ठेवलं. केरबा म्हणाला, "भोयाची बायको लोकांची उष्टी भांडी घासणार नाही."

अक्का म्हणाली, "मी कोणाची बहीण आहे रे?"

दुसऱ्या दिवशी केरबाने मला येऊन सांगितलं, नाव विकत घेतो. तो, अंबिका आणि मुलगी रजनी, तिघं मिळून मासे धरतील. पावसानंतर उंडाशाच्या तलावावर, उन्हाळ्यात शिप्रेच्या डोहांत, घाटांपासून लांब. नाव बैलगाडीवर घालून इकडून तिकडे न्यायची. सगळं घर एका नावेत.

अंबिकेने एकच अट घातली. माझ्यासमोरच घातली. "थंडीत तलावावर रात्री काढायच्या म्हणता. पोरगी बरोबर आहे. डोक्यावर काही असेल तर येते. चटईचं छप्पर केलंत तरी पुरे. नाही तर मी अक्काबरोबर माधव नगरला जाते. मला लाज नाही."

नाव निवडायला आम्ही घाटाच्या खाली, कहार नावाड्यांकडे गेलो. भेरूलाल कहाराकडे दोन नावा होत्या. एक रुंद, सपाट तळाची, जड. दुसरी अरुंद, हलकी. केरबाने दोन्ही पाण्यात बघितल्याच नाहीत. काठावर पालथ्या होत्या, तिथेच दोर बांधला, दोरात बांबू घातला आणि मला म्हणाला, "घे खांद्यावर."

रुंद नाव आम्हा दोघांच्याने गुडघ्याच्या वर उठली नाही. अरुंद उठली. बरोबर मध्यावर उठली, कुठे लोंबली नाही. आम्ही ती वाळूवरून नेऊन परत आणली. केरबाचा चेहरा कितीतरी महिन्यांनी उजळला.

"एकदम बढिया. पालखीसारखी चालते."

भेरू खो खो हसला. "भोईजी, नाव कंधे पे नहीं, पानी पे बैठती है."

"गाडी तलावाच्या पाळीपर्यंतच जाते, भेरूभाई. पुढे चिखल. तिथून तू उचलायला येशील काय?"

ते केरबाचं खरंच होतं. रुंद नाव दर वेळी पाळीच्या बांधावरून न्यायला चार गडी लागले असते, आणि चार गडी ज्याला परवडतात तो मासे कशाला धरील. मला विचाराल तर निवड वाईट नव्हती. भेरूने एवढंच सांगितलं, "अच्छा, यही लो. पर इसके ऊपर कुछ भारी मत बाँधना. चटाई तान लो, बस."

म्हणजे अंबिका म्हणाली तेच.

केरबाने चटई आणली नाही. त्याने मेण्याचे दांडे काढले आणि अख्खा मेणा नावेच्या मध्यावर बसवला. पितळी छपरासकट. आठवडाभर तो त्यावर राबला. खाली सागाच्या आडव्या पट्ट्या, त्यांना लोखंडी कडी, फटींत डांबर. काम चोख होतं. त्यात मला दोष काढता आला नाही. मी इतकंच म्हणालो, "केरबा, उंची फार झाली."

"मेणा नेहमी उंचच असतो. माणसांच्या डोक्याच्या बरोबरीने चालतो. कधी कलला का?"

"तिथे खाली आपण होतो."

"इथे पाणी आहे. पाण्याला ठेच लागत नाही."

अंबिका मेण्याच्या दारातून आत बघत होती. म्हणाली, "भावजी, बाईसाहेब यात बसून काय करत असत?"

"काही नाही, वहिनी. बसत असत."

"हं," ती म्हणाली, आणि आत अंथरूण टाकलं.

ते तलावावर गेले तेव्हा पाळीवर माणसं जमली. कहारांची पोरं ओरडली, "रानीजी की सवारी आई." केरबाला ती थट्टा वाटली नाही. तो वल्ही मारत ताठ उभा होता.

सुरुवातीला मासे लागले नाहीत. जाळं कुठे टाकायचं हे त्याला कळत नव्हतं. ते शिकायला आयुष्य जातं. भेरूच्या घरचेही त्याच तलावावर जाळं टाकत; ते लांबून बघत, सांगत नसत. का सांगावं? जाळं रिकामं यायचं म्हणूनच नाव तरली. मी सुटीच्या दिवशी भाकरी घेऊन जायचो. अंबिका आणि रजनी मेण्यात दाटीने बसलेल्या असत. केरबा त्यांना सारखा सांगे, "मध्यावर बसा. हलू नका." रजनीचे पाय आखडत. ती पाळीवर उतरून आधी पाय झटकायची.

पौषात एका सकाळी मी तिथेच होतो. पाळीवर चूल पेटवत होतो. वारा उठला होता. केरबाने जाळं ओढलं आणि ते वर येईना. आधी वाटलं बाभळीच्या खुंटाला अडकलं. मग पाणी उसळलं. मोठे रोहू होते, बरेच. इतके दिवस ज्याची वाट बघितली ते आलं होतं. एकट्याला ते ओढवेना. त्याने हाक मारली नाही. पण अंबिकेने पाहिलं, दार सरकवलं, बाहेर आली आणि त्याच्या शेजारी वाकून जाळ्याला दोन्ही हात घातले. कोणतीही कामाची बाई घालेल तसे.

मेणा आधी हळू कलला. मग एकदम. पितळी पत्रा उन्हात चमकला आणि पाण्याखाली गेला.

पाणी तिथे छातीएवढं होतं. रजनी मेण्याच्या दुसऱ्या दारातून निघाली. मी पोहोचेपर्यंत भेरूची सून पाण्यात शिरली होती, तिने पोरीला ओढून पाळीवर आणलं. कोणी मेलं नाही. जाळं फाटलं, मासे गेले. आम्ही सगळ्यांनी मिळून नाव सरळ केली. त्यालाच जोर लागला, कारण मेण्यात पाणी भरलं होतं.

केरबा पाण्यात उभा राहिला. सगळ्या कहारांसमोर बायकोला म्हणाला, "तू हललीस."

अंबिका केस पिळत होती. थांबली.

"मेण्यात बसणाऱ्यानं हलायचं नसतं," तो म्हणाला. "कितीदा सांगितलं. माझ्या हाताखाली मेणा कधी पडला नाही. तू हललीस."

"मी बसायला आले नव्हते," अंबिका म्हणाली. "जाळं ओढायला आले होते. तुम्हाला बायको नावेत हवी होती का बाईसाहेब?"

भेरू मध्ये पडला. "भोईजी, ये डिब्बा निकाल दो. नाव तो अच्छी है. कल से फिर डालो जाल."

मीही तेच म्हणालो. अंबिका केरबाकडे बघत उभी राहिली. तो "काढतो" म्हणाला असता तर ती राहिली असती. ओल्या लुगड्यात, वाऱ्यात, ती बराच वेळ उभी होती. केरबाने मेण्याच्या छपरावर हात फिरवला, एक पत्रा चेपला होता तो अंगठ्याने दाबून बघितला.

अंबिकेने रजनीचा हात धरला आणि ती पाळीवरून चालायला लागली. दुसऱ्या दिवशी ती अक्काबरोबर माधव नगरला कामाला गेली. पुढे तिथेच मागच्या अंगणातली खोली मिळाली. रजनीही हाताखाली भांडी विसळू लागली.

केरबाने नाव भेरूलाच विकली. मेणा मात्र काढून घरी नेला. म्हणजे शेवटी काढलाच. चार दिवस आधी काढला असता तर. भेरूने वर चटई ताणली आणि त्याच नावेत त्याच्या घरच्या बायका उभ्या राहून जाळं ओढत. मालधक्क्यासमोरून ती नाव बैलगाडीवर जाताना आम्ही कितीदा पाहिली. हो, आम्ही. केरबाही धक्क्यावर आला होता. पोतं पाठीवर घेऊन चालताना तो अजून बोलायचा, "पायरी. दगड." मागे कोणी नसे. लोक हसत.

अंबिकेकडे तो गेला नाही. मी एकदा म्हणालो, "जाऊन ये." तो म्हणाला, "ती हललीच होती ना? तू होतास तिथे. सांग." मी पुढचं पोतं उचललं. ती हललीच होती.

छातीच्या दुखण्याने तो कार्तिकात गेला. मध्य भारत संपून मध्य प्रदेश झाला ते हेच दिवस. स्टेशनापासून फ्रीगंजपर्यंत कचेऱ्यांच्या पाट्या खरवडून नवं नाव रंगवत होते. अंबिका निरोप मिळताच आली. हात राखेने पांढरे होते, तशीच आली. लाकडं कमी पडत होती. कोणीतरी कोपऱ्यातल्या मेण्याकडे बघितलं आणि मग तिच्याकडे.

"फोडा," ती म्हणाली. "शिसवी आहे, चांगलं जळेल. आता कोण हलणार आहे त्यात."

तो फोडायला मला आणि धक्क्यावरच्या एका गड्याला दुपार लागली. एकही सांधा सैल नव्हता.

चक्रतीर्थाच्या स्मशानात नेताना मी मागे होतो. पुढे धक्क्यावरचे दोघे जवान. तिरडीत मागच्याला वाट दिसते, तरी मी पुढून कोणी काही सांगेल म्हणून ऐकत होतो. कोणी बोललं नाही. नदीच्या उतारावर पुढच्यांनी दांडे वर उचलून हातांवर घ्यायला हवे होते. त्यांना ते ठाऊक नव्हतं. तिरडी पुढे कलली. मी गुडघ्यात वाकलो, जमेल तेवढा.