दशक्रियेच्या पत्रिकेतली ओळ

आळे पंचक्रोशीत मरणाला न भिणारा माणूस एखादा सापडेल. पण आळेफाट्याच्या आमच्या छापखानेवाल्या भाऊंच्या प्रश्नांना न भिणारा सापडायचा नाही. दशक्रियेची पत्रिका छापायला आलेल्या माणसाला ते आधी खुर्ची देतात, मग चहा, आणि चहा निम्मा झाला की विचारतात, "गेलेलं माणूस कसं व्हतं?" 'प्रेमळ, मनमिळाऊ' हा सगळीकडे तयार मिळणारा मजकूर त्यांच्याकडे मिळत नाही. एकाने वडिलांसाठी हट्टच धरला, तेव्हा भाऊ म्हणाले, "मनमिळाऊ? राव, माझ्याशीच तीनदा भांडलेत ते बांधावरनं." मुलगा रडता रडता हसला. "मग काय टाकायचं?" "'भांडले, पण कुणाचं पाणी कधी तोडलं नाही.' खरं हाय का?" खरं होतं. तेच छापलं. 'सोडून गेले' हे शब्द तर ते दिसताक्षणी खोडतात. "घरातली नात वाचती आन् इचारती, आजा का सोडून गेला? वारले म्हणा. रडंल, पर वाट बघत न्हाई बसायची." प्रूफ ते भिंतीकडे तोंड करून मोठ्याने वाचतात, जणू ज्याची पत्रिका तो तिथेच बसला आहे, आणि क्षणभर थांबतात. हरकत आली नाही, की छपाई सुरू.

आमची ही गेली तेव्हा मी दोन पानं लिहून नेली. आयुष्यभर मराठी शिकवलेलं. 'अनंतात विलीन', 'प्राणज्योत मालवली', सगळं होतं. साधा 'वारली' तेवढा हातून उतरत नव्हता. भाऊंनी पानं शेवटपर्यंत वाचली आणि घडी घालून माझ्याच खिशात ठेवली. "सर, लई चांगलं लिवलंय. पर यात वहिनी कुठं हायेत?" मी खिशातली घडी चाचपली. "आठवा की. घाई न्हाई."

बऱ्याच वेळाने मी सांगितलं, कालव्याला पाणी सुटलं की हिला झोपेतच कळायचं. पहाटे मला हलवून म्हणायची, "अहो, पाणी आलंय." मग आळीभर सांगत फिरायची. भाऊंनी कानावरची पेन्सिल पुढे केली. 'सुमन वारली. कालव्याला पाणी आलं की ती सगळ्यांना सांगायची.' या दोन ओळींना मला किती वेळ लागला कोण जाणे. तोवर त्यांनी मशीन बंद ठेवलं होतं.

परवा पहाटे मी अर्धवट झोपेत होतो. बाहेर धुकं, आणि कुणीतरी हलवल्यासारखं वाटलं. फोन वाजत होता. भाऊंचं घर कालव्याच्या वरच्या अंगाला आहे. "सर, पाणी आलंय," एवढंच म्हणाले आणि थांबले, प्रूफ वाचून झाल्यावर थांबतात तसे. मी उठलो, खिडकी उघडली आणि शेजारच्यांना हाक मारली.