मशीन हलतं

दुकानदारानं पाण्याचा पेला मशीनवर ठेवला आणि मी तो पिऊन टाकला.

आता यात माझं काय चुकलं, तुम्हीच सांगा. धारवाडहून हुबळीपर्यंत बसमध्ये उभ्यानं आलो होतो, ऊन मी म्हणत होतं, आणि अण्णांनी दुकानात शिरल्या शिरल्या "एक पेला पाणी द्या, अगदी काठोकाठ" असं सांगितलं होतं. मला वाटलं, माझ्यासाठीच. मी रिकामा पेला खाली ठेवला तेव्हा अण्णा माझ्याकडे बघत होते आणि दुकानदार अण्णांकडे.

"प्यालास?" अण्णा म्हणाले. "बरं. आता मशीन हलतं की नाही, ते तुझ्या पोटाला विचारतो."

ही त्यांची परीक्षा होती. लाकूड फिरवून गोल कातायचा छोटा लेथ त्यांना घ्यायचा होता, पेन्शनीत बसेल असा. त्यावर काठोकाठ पेला ठेवायचा, बटण दाबायचं. पाणी सांडलं तर मशीन नापास. दुसरा पेला येईपर्यंत वीज गेली, आणि त्या काळात गेलेल्या विजेची वाट बघत कुणी बसत नसे. अण्णांनी मशीनचं एक टोक धरून वर केलं. सहज उचललं गेलं.

"पत्र्याचा कारभार आहे. हलकं ते हलणारच," ते म्हणाले, आणि आम्ही बाहेर पडलो.

घरी आल्यावर ही हकीकत ऐकून बायको म्हणाली, "तुम्हाला कुठं न्यायची सोय नाही."

अण्णा आमच्या मागच्या गल्लीत राहत. आम्ही एकाच सरकारी कचेरीत होतो. मी पाकिटं चिकटवण्याच्या शाखेत, ते नकाशे काढण्याच्या. शाईचं पेन घेऊन ते नदी काढायला बसले की आम्ही पंखा बंद करून मागं उभे राहत असू. एका दमात उगमापासून संगमापर्यंत. तुमच्याही कचेरीत असा एखादा असेल, ज्याचं काम बघायला चहा सोडून माणसं जमतात.

मग एकदा मलप्रभेला नको तिथं वळणं आली. साहेबांनी नकाशा उजेडात धरला आणि म्हणाले, "काय री अण्णा, नदीनं पात्र बदललं?" सगळे हसले. अण्णाही हसले, आणि उजवा हात त्यांनी टेबलाखाली घेतला. त्यानंतर तो हात आम्हाला फारसा दिसला नाही. पुढं त्यांनी मुदतीआधीच नोकरी सोडली.

हाताचा कंप वाढत जाणार, थांबणार नाही, हे डॉक्टरनं सांगितलं होतं. ते त्यांनी मला हुबळीला जाताना बसमध्येच ऐकवलं, स्टॉपची नावं सांगावीत तशा आवाजात.

"मग हे लेथचं खूळ कशाला, अण्णा?"

"पेन हवेत धरावं लागतं रे. इथं पटाशी लोखंडी टेक्यावर टेकवायची. लाकूड आपलं आपण फिरतं. हातानं नुसतं टेकून राहायचं. तेवढं अजून जमेल."

"आणि करायचं काय?"

"लाटणं. वहिनींचं लाटणं मधोमध झिजलंय. हात जायच्या आत एक सरळ वस्तू करायची आहे मला. एकच."

त्यांची बायको केव्हाच गेली होती, मुलगी बेळगावात. रविवारी ते आमच्याकडे जेवत. हातात पेन नसलं तरी नजर नकाशावाल्याचीच, त्यामुळं पोळीतला फरक त्यांना दिसे.

मग आमचा शोध सुरू झाला. तारिहाळच्या कारखान्यांच्या शेडमधून आम्ही हिंडलो. अण्णा प्रत्येक ठिकाणी विचारत, "याच्यात लाटणं बसेल का?" एकानं सांगितलं, लाटणं पाहिजे तर भांड्यांच्या दुकानात जा, अप्पा, इथं कशाला धूळ खाता. परवडणाऱ्या मशीनवर पाणी सांडे. ज्याच्यावर सांडत नसे, त्याची किंमत ऐकून आमचे चेहरे सांडत. अण्णा म्हणत, "दोघांतल्या एकानं तरी स्थिर असायला पाहिजे."

या हिंडण्यात दिवस जात होते आणि हाताचा कंप वाढत होता. बायकोनं त्यांना चहा अर्धा कप द्यायला सुरुवात केली. अर्धा संपला की पुन्हा अर्धा.

"काय वहिनी, दूध महागलं वाटतं," अण्णा म्हणाले.

"हो ना," ती म्हणाली.

शेवटी धारवाडजवळच्या बेलूरला एका बंद पडलेल्या कारखान्यात जुनं मशीन निघालं. बिडाचं, काळं, बसलेल्या म्हशीएवढं जड, आणि मोडीत निघाल्यामुळं अण्णांच्या ऐपतीतलं. अण्णांनी त्यावरून तळवा फिरवला. इतके खूश मी त्यांना कधी पाहिले नव्हते. तिथल्या कामगाराकडून पेला त्यांनी स्वतः घेतला, दोन्ही हातांनी धरून नेला आणि मशीनवर ठेवला. काळ्या लोखंडावरून पाण्याचा ओघळ खाली आला.

"हेही हलतं," अण्णा म्हणाले.

कामगार बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "सर, मशीन इन्नू चालू माडिल्ल्री."

अजून चालूच केलं नव्हतं त्यानं.

अण्णांनी खिशातून रुमाल काढला आणि लोखंड पुसून कोरडं केलं. बराच वेळ पुसत होते. गंज चढतो म्हणाले.

परतीची बस धरली. धारवाडला उतरल्यावर ते म्हणाले, "ते हुबळीचं हलकं होतं ना, तेच आणू."

"पण ते हलतं म्हणालात."

"म्हणून तर."

तेच आणलं. मागच्या पडवीत बसवलं. दुपारी त्याची घरघर आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येई. पहिलं लाटणं घेऊन अण्णा आले. त्याला कुठं पोट होतं, कुठं खळगा.

"वहिनी, मशीन हलतं," ते म्हणाले.

"हलकं आहे ना," बायको म्हणाली, आणि जुनं लाटणं फळीवर टाकून तिनं त्याच लाटण्यानं पोळ्या केल्या. मला मेल्याला गप्प बसवलं नाही. "आज पोळीत चढउतार आहेत," असं मी म्हणून गेलो. तिनं माझ्याकडे असं बघितलं की ती पोळी मी भाजीशिवायच संपवली.

पुढं साऱ्या गल्लीला ठाऊक झालं, अण्णांचं मशीन हलतं. लोक उपाय सांगत. अण्णांनी खाली फरशी घातली, वाळूची पोती ठेवली. शेजारचा फिटर बघून देतो म्हणून आला, तर त्याला दारातूनच सांगितलं, "आत्ता नको, मशीनची झोपायची वेळ आहे." मशीन चालू असताना त्यांनी कुणालाही पडवीत येऊ दिलं नाही.

हळूहळू घरघर कमी झाली. मग थांबली. मुलगी बेळगावहून येऊन राहिली. शेवटी शेवटी तीच त्यांना भरवायची, आणि आम्ही गेलो की अण्णा तोंड भिंतीकडे करत. एकदा तेवढं मला म्हणाले, "मशीन चांगलं मिळालं असतं तर..." बोलणंही अडखळायला लागलं होतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत गेले.

दिवसकार्य उरकल्यावर मुलगी आम्हाला म्हणाली, "काका, मशीनला गिऱ्हाईक आलंय. हलतं का, विचारतोय. मला काय माहीत. तुम्ही जरा चालवून सांगाल?"

पडवीत गेलो. कोपऱ्यात लाकडाचा भुसा होता आणि भिंतीशी लाटणी रचली होती, सरपणासारखी. एकही सरळ नव्हतं. मी पेला काठोकाठ भरून आणला, मशीनवर ठेवला. पहिल्या दिवशी माझ्या तहानेपायी राहिलेली परीक्षा. बटणावर बोट ठेवलं.

बायको त्या लाटण्यांकडे बघत उभी होती. ती पुढं झाली, पेला उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं.

"हलतं म्हणून सांगा त्याला," ती म्हणाली.