देवास गेटवरचा पहिला टेक

निहारिका पुण्याच्या एका विद्यापीठात चित्रपट शिकायला गेली, तेव्हा उज्जैनमधल्या नानाखेड्याच्या त्यांच्या कॉलनीत ते कुणालाच नीटसं उमजलं नव्हतं. इंजिनीअरिंग कळत होतं, नुकतंच पसरू लागलेलं कॉम्प्युटरचं वेडही कळत होतं. शेजारच्या शर्माजींनी फाटकाशीच विचारलं, "तो क्या भाईसाहब, बिटिया हीरोइन बनेगी?"

तिचे बाबा, अरविंदराव, बँकेत कारकून होते. ते म्हणाले, "नहीं जी, ये तो हीरोइन को डाँटेगी." घरात आल्यावर मात्र त्यांनी बायकोला, विनोदिनीबाईंना, हळूच विचारलं, "काय शिकवतात गं नक्की?"

काय शिकवतात ते निहारिका सुट्टीत आली की सांगायची. पटकथेत मनातलं काही लिहायचं नाही, डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. पात्राने कॅमेऱ्याकडे बघायचं नाही, नाहीतर प्रेक्षकाची तंद्री मोडते. अरविंदराव पोह्यांवर शेव घालता घालता सगळं ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन तसंच्या तसं सांगत.

ती यायची असली की ते देवास गेटच्या बस स्टँडवर थांबलेले असत. इंदूरची बस उशीर करायचीच, तरी हे आधीपासून हजर. हातात रिकामी पिशवी, नजर वळणाकडे. शेवटच्या वर्षी स्वतःचा छोटा चित्रपट करायची वेळ आली तेव्हा तिने तेच लिहिलं. एक माणूस मुलीची वाट बघतो, बस येते, मुलगी उतरत नाही. एवढंच. त्यात आवाजही नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत विद्यापीठाचा कॅमेरा घेऊन ती आणि तिचा वर्गमित्र हर्षल उज्जैनला आले. कच्ची फिल्म मोजून मापून मिळालेली, एक फूटही वाया घालवायचा नाही अशी ताकीद.

"अभिनय काय करू?" अरविंदरावांनी विचारलं.

"काही नाही, बाबा. नेहमीसारखं उभं राहायचं. बस येईल तिकडे बघायचं."

"बँकेत कॉम्प्युटर आल्यापासून तेच तर करतोय."

हर्षलने कॅमेरा सुरू केला. बाबांनी क्षणभर वळणाकडे पाहिलं. मग सवयीने चष्मा काढून खिशात ठेवला, थेट भिंगात बघितलं आणि हसले. फोटो काढायचा म्हटलं की ते चष्मा काढत, अगदी लग्नातल्या फोटोपासून.

निहारिका कॅमेऱ्याच्या बाजूने पुढे झाली. भोवती बघे जमले होते, रिक्षावाले हसत होते, तिचं डोकं फिरलं. "बाबा, किती वेळा सांगितलंय. जमत नसेल तर सांगा, मी दुसरा माणूस बघते."

त्यांनी मान हलवली, खिसे चाचपून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. गोंधळलेल्या हर्षलने कॅमेरा थांबवलाच नव्हता. दुसऱ्या खेपेला मात्र ते असे उभे राहिले की तिला बोलायला जागाच उरली नाही.

"जमलं?" त्यांनी विचारलं.

"जमलं."

हर्षल आपल्या घरी गेला. फिल्मचा डबा काळ्या कागदासह चिकटपट्टीने बंद करून तिने गोदरेजच्या कपाटात आईच्या साड्यांमध्ये ठेवला. पुण्याला परत गेली की तो मुंबईला धुवायला जायचा होता. उघडू नका, असं घरात सांगावं हे तिला सुचलंही नाही.

दिवाळी सरली. त्याच आठवड्यात अरविंदराव बँकेतून आले ते छातीत दुखतंय म्हणतच. रात्रही निघाली नाही.

राम घाटावर चुलतभावाने दहावं केलं. तिथून मंडळी परतली, तेव्हा विनोदिनीबाईंनी तिला आतल्या खोलीत बोलावलं.

"तो तुझा डबा मी काल उघडला गं. निगेटिव्हमध्ये दिसतात तसे तरी दिसतील म्हटलं. खिडकीशी धरून बरीच सोडवून बघितली. नुसती करडी. मग होती तशी गुंडाळली, पट्टीही लावली. धुतल्यावर दिसतील ना ते?"

न धुतलेल्या फिल्मला उजेड लागला की सगळं जळून जातं, हे पहिल्याच वर्षी शिकवतात. निहारिकाला आईच्या कपाळाकडे अजून बघवत नव्हतं. ती कपाटाकडे बघत म्हणाली, "दिसतील."

दर रविवारी ती पुण्याहून एसटीडीवरून फोन करायची. इकडचं तिकडचं झालं की आई विचारायची, "आले का गं ते?" ती म्हणायची, "लॅबमध्ये गर्दी आहे." सरांनी सांगितलं, दुसरं कुणीतरी उभं करून पुन्हा चित्रित कर. तिने नाही म्हटलं. ते वर्ष तिचं गेलं.

फिल्म तिने तरीही धुवायला पाठवली होती. गुंडाळताना आधी चित्रित केलेलं आत जातं आणि नंतरचं बाहेर राहतं. आईने बाहेरचं सोडवलं होतं. नीट जमलेला टेक पांढरा पडून गेला. अगदी आतलं थोडं वाचलं.

ते कॅसेटवर उतरवून ती उज्जैनला आली. देवास गेटला उतरली तेव्हा स्टँडवर कुणी नव्हतं. शर्माजींनी व्हीसीआर आणून दिला, टीव्हीला जोडला आणि ते निघून गेले.

पडद्यावर बाबांनी वळणाकडे पाहिलं. चष्मा काढला. समोर बघून हसले.

"चष्मा काढलाच बघ," विनोदिनीबाई म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

मग बाबांचं हसू विरलं. ते बाजूला कुणाचं तरी ऐकू लागले. मान हलवली, खिसे चाचपले, चष्मा चढवला. कडेने पांढरं पसरत आलं आणि ते त्यात गेले.

"पुढे?"

"पुढचं कॅमेऱ्यात बिघडलं."

"मी उघडलं म्हणून?"

"नाही गं, आई. कॅमेराच तसला होता."

विनोदिनीबाईंनी कॅसेट मागे घ्यायला लावली. पुन्हा बघितलं, मग आणखी एकदा. त्या पुढे सरकून अगदी टीव्हीजवळ बसल्या.

"इतके छान हसत होते, एकदम गप्प का झाले? कुणाचं ऐकताहेत?"

"माझं."

"काय म्हणालीस त्यांना?"

पडद्यावर बाबा खिसे चाचपत होते.

"म्हटलं, बाबा, चष्मा घाला."

"बरोबर आहे," विनोदिनीबाई म्हणाल्या. "चष्म्याशिवाय त्यांना बस कुठली दिसायला. लाव परत."