वानखडे सरांची घासाघीस

वानखडे सर कशालाच लगेच हो म्हणत नसत. साधी मीटिंगची वेळ ठरवायची असली तरी म्हणायचे, "थांब ना, काहून घाई करून राहिला?" नागपूर सोडून त्यांना वीस वर्षं झाली होती, पण ते 'काहून' आयर्लंडातल्या नावन गावापर्यंत त्यांच्यासोबत आलं होतं.

२०२० मध्ये आम्ही एकाच प्रोजेक्टवर होतो. एका कंपनीचं सॉफ्टवेअर दुसऱ्या कंपनीकडून इंटरनेटवरून सेवा घेतं, नकाशे म्हणा, हवामान म्हणा. उत्तर किती वेगात मिळणार, दर काय, बंद पडलं तर काय करायचं, यावर माणसं महिनोन्‌महिने बोलणी करत बसतात. ती बोलणी दोन्हीकडच्या प्रोग्रॅमनी परस्पर उरकावीत, असं आमचं काम. त्यांना शिकवायला नमुन्याचे संवाद हवे होते. म्हणून रोज सकाळी अकराला व्हिडिओ कॉलवर मी, आयर्लंडातल्याच लेटरकेनी गावातल्या घरून, विकणारा व्हायचो आणि सर, नावनमधल्या त्यांच्या स्वयंपाकघरातून, घेणारे.

वहिनी लेकीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेल्या आणि मागोमाग विमानं बंद झाली. सर घरात एकटेच होते.

"सर, दोन सेकंदांत उत्तर देतो. घ्या ना आता."

"दीड कर. मी चहा ठेवून येतो, तोवर विचार कर."

मग बराच वेळ समोर रिकामी खुर्ची. चहा घेऊन आले की नातवाचा फोटो, वहिनींचं पुन्हा पुढे गेलेलं तिकीट, शेजाऱ्याचं कुत्रं, आणि सगळ्यानंतर, "बरं, पावणेदोन." दहा मिनिटांच्या कामाला तास लागायचा. मी वैतागायचो. माझी बायको लेटरकेनीच्या हॉस्पिटलात डॉक्टर. ड्यूटीवरून आलेली असताना तिनं एकदा आमचं बोलणं ऐकलं. म्हणाली, "ते मुद्दाम लांबवतायत रे." मी हसण्यावारी नेलं.

पुढच्या वसंतात आम्ही दोन्ही प्रोग्रॅम एकमेकांशी जोडले. पापणी लवायच्या आत सौदा ठरला. टीमनं कौतुक केलं. सर इथल्या लोकांसारखं "ग्रँड", म्हणजे 'छान', म्हणाले आणि कॅमेरा बंद केला.

दुसऱ्या दिवशी अकराला त्यांचा मेसेज आला, "आज काही टेस्टिंग?"

मी लिहिलं, "नाही सर, सगळं पास झालंय."

त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच विचारलं. तिसऱ्या दिवशी मेसेज आला नाही. खरं तर त्या वेळेला मला दुसरं काही काम नसायचं.

उन्हाळ्यात त्यांनी राजीनामा दिला, कायमचे नागपूरला, वहिनींकडे, परत चालले होते. मी गाडी काढून नावनला गेलो. सगळं खोक्यांत भरून झालेलं. माझ्यासाठी दुसरं ताट त्यांना खोकं उघडून काढावं लागलं. जेवताना मी म्हणालो, "सर, मी फोन करायला पाहिजे होता."

"तुझ्याशी बोलणं झालं ना, की मी कुकर लावायचो," ते म्हणाले. "नंतर ब्रेडवरच भागवलं."

तक्रारीचा सूर नव्हता. मी मान खाली घालून जेवत राहिलो. सरांनी न विचारता माझ्या ताटात आणखी भात वाढला.