सुजाताला ठाऊक होतं का?

फोन सुजाताच्या आईचा होता. "पोरगी गेली गं आपली," एवढंच बोलल्या. मेंदूत रक्तस्राव झाला म्हणे. पन्नाशीही गाठली नव्हती. मी हातातला ब्लाउज पुरा केला, हुक लावले आणि मग रडायला बसले. माणूस असं का वागतं कुणास ठाऊक. आणि रडतानाही मनात एकच... आता तिला विचारायचं राहिलं.

आम्ही दोघी पारनेरच्या, एकाच वस्तीतल्या. मी केडगावात शिलाईचं दुकान टाकलं, ती शिकून पुण्याच्या प्रयोगशाळेत गेली. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर नुसत्या रक्तावरून लवकर ओळखता येईल का, हे शोधणं तिचं काम; त्यासाठी रक्तातले मायक्रोआरएनए मोजायची. मायक्रोआरएनए म्हणजे काय गं बाई, असं विचारलं तर म्हणाली, "पेशीनं काय, किती बनवायचं, याला लगाम घालणारे बारीक रेणू. पेशी बिघडायला लागली की त्यातले काही वाढतात, काही घटतात. शिवण उसवायच्या आधी तुला धागा ताणलेला दिसतो ना, तसं. पण हे अजून पक्कं नाही. नेहमीची तपासणी करायचीच." निम्मं कळलं, निम्मं डोक्यावरून गेलं.

मागच्या वर्षी तिनं पारनेरला आमच्या वस्तीतल्या बायकांचं रक्त घेतलं, तेव्हा मीही गेले होते, माझंही घेतलं. नळीवर नाव नाही, नुसता नंबर. रिपोर्ट मिळणार नाही म्हणाली, कुठली नळी कुणाची हे तिलाही कळत नाही म्हणे. आणि मग काही महिन्यांनी ही बया माझ्या दुकानात येऊन बसली. चहाला हात लावीना.

"तपासणीला जाते म्हण, मग पिते."

"मला काय धाड भरलीय?"

"म्हण आधी."

चहावर साय धरली तरी हलली नाही. शेवटी गेले मी, तिच्या कटकटीला वैतागून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कॅन्सर नाही, पण पेशी बदलायला लागल्यात, अशाच राहिल्या असत्या तर पुढं अवघड होतं. छोटा उपचार करून त्याच दिवशी घरी पाठवलं. सुजाताला फोनवर सांगितलं तर ती गप्पच झाली... मग म्हणाली, "बरं झालं." त्या गप्प राहण्यानं माझ्या डोक्यात भुंगा सोडला. हिनं माझी नळी ओळखली होती की काय? समोरासमोर विचारीन म्हटलं, तर ही अशी निघून गेली.

वस्तीत तिच्या पुण्यानुमोदनाच्या वंदनेला प्रयोगशाळेतल्या एक मॅडम आल्या होत्या. त्यांना बाजूला घेऊन विचारलंच. त्या म्हणाल्या, "नावांची यादी तिच्याकडे नसायचीच. आणि तुमच्या वस्तीच्या नळ्या अजून तपासायच्या आहेत, ताई."

म्हणजे तिला काहीच ठाऊक नव्हतं. मला हायसं वाटलं, आणि खरं सांगते, थोडं वाईटही वाटलं. माझ्यासाठी म्हणून आली होती, असं मी धरून चालले होते. तेवढ्यात शेजारची बाई म्हणाली, "माझ्या दारातबी अशीच बसली हुती की." दुसरीही तेच म्हणाली. मी विचारलं, मग तपासायला गेल्या किती जणी? सगळ्या खाली बघायला लागल्या. मग सुजाताची आई म्हणाल्या, "मलाबी लई म्हनायची. मी हसन्यावारी न्यायची. आता तू मला घिऊन चल."

परवा दवाखान्यात घेऊन गेले त्यांना. बाकावर बसलो होतो, नंबर यायचा होता.  आई हळूच म्हणाल्या, "एक इचारू का गं? तिनं सोताचं कदी तपासलं हुतं का? डोकं दुकतं म्हनायची सारखी..."

मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नव्हतं. आतून आईंचं नाव पुकारलं, तरी आम्ही दोघी बसूनच होतो.