मागच्या सीटवरचे चौदा व्होल्ट

अशा गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगते. चाकणच्या एका कंपनीत मी गाड्यांचं वायरिंग तपासते. भूत दिसलं म्हणणाऱ्याला आधी फ्यूज बघायला सांगेन, अशी मी बाई!

आमचे हे गेल्या वर्षी गेले... हार्ट अटॅक. त्यांची मोटरसायकल मागे राहिली. तिच्या मागच्या सीटवर एका बाजूला पाय सोडून बसायची मला इतक्या वर्षांची सवय. आता पुढे बसून चालवायला शिकले आणि संत तुकाराम नगरहून तिच्यावरच शिफ्टला जायला लागले. पण गाडी सारखी दगा द्यायची. बॅटरी डाऊन.

दीर म्हणाले, "वहिनी, विकून टाकू ही. तुम्ही आपली स्कूटर घ्या."

मला ती विकायची नव्हती. यांच्या हातांनी झिजलेल्या ग्रिपवर हात ठेवला की बरं वाटायचं, एवढंच कारण.

गुरुवारी, कंपनीच्या सुट्टीला, पिंपळे सौदागरला बाळूभाऊंच्या गॅरेजमध्ये गाडी नेली. बॅटरी नवी टाकलेलीच होती. त्यांनी रेक्टिफायर बदलला, कॉइल तपासली, अर्थिंग घासून साफ केलं. मग गाडी मधल्या स्टँडवर लावून, बॅटरीला मीटर जोडून रेस दिली. चार्जिंग नीट असेल तर आकडा चौदाच्या आसपास चढायला हवा. तो बाराच्या पुढे सरकेना.

"ताई, समदं बदललं की! तरी करंट काय पोचत न्हाई बॅटरीला."

उभं राहून माझे पाय भरून आले होते. सवयीने मागच्या सीटवर टेकले, आणि... आकडा चढला. चौदा!

उतरले — बारा. बसले — चौदा.

"सीटखाली वायर दबत असंल," म्हणत बाळूभाऊ स्वतः बसले. बारा. त्यांच्या मिसेसना बसवलं. बाराच. सीट काढून एकेक वायर दाबून, हलवून पाहिली. काही फरक नाही. सीट परत लावली, मी बसले... चौदा.

या वेळी माझा उजवा हात आपोआप पुढे गेला, यांच्या खांद्यावर ठेवायला. तिथे कुणीच नव्हतं. मला रडू कोसळलं, गॅरेजमध्ये, सगळ्यांसमोर.

बाळूभाऊ हळूच म्हणाले, "आख्खं वायरिंग बदलू, ताई. मग फॉल्ट राहायचाच न्हाई."

आणि मी घाबरले. फॉल्ट खरंच गेला तर?

"नको भाऊ," म्हटलं, "असू द्या."

कंपनीत जायला आता स्कूटर घेतलीय. मोटरसायकल मात्र आहे. दर गुरुवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती स्टँडवर लावून सुरू करते आणि मागे बसते. शेजारच्या बायका बघतात, बघू देत. बॅटरी कधी डाऊन होत नाही.

कारण मला आजही माहीत नाही. तुमच्यातल्या जाणकारांना विचारावं म्हणूनच लिहायला बसले होते... पण आता वाटतं, कुणाला कळलं असेल, तरी मला सांगू नका.